एकाकी मृत्यूनंतर जुन्या घराची स्वच्छता

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत, गिरगाव-परळच्या चाळींत आणि कोकणातील चिरेबंदी घरांत आज कितीतरी वृद्ध माणसे एकटी राहतात. मुले नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी गेलेली, जन्माचा सोबती आधीच निघून गेलेला आणि शेजारची बिऱ्हाडेही एकेक करून उपनगरांत हललेली, अशा स्थितीत एखाद्या रात्री त्या वृद्धाचा प्राण गेला, तर ती वार्ता बाहेर यावयास दोन दिवस, चार दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. आणि दाराशी साचलेली वर्तमानपत्रे, न उचललेल्या दुधाच्या पिशव्या किंवा जिन्यात पसरलेला दुर्गंध यांवरून संशय येऊन जेव्हा दार फोडले जाते, तेव्हा आप्तांपुढे शोकाबरोबरच एक असे कर्तव्य उभे राहते की ज्याविषयी आपल्याकडे कोणी कोणास काही सांगून ठेवलेले नसते. अंत्यसंस्कार कसे करावयाचे, सुतक किती दिवस पाळावयाचे, हे सांगणारी वडीलधारी माणसे घरोघर आहेत. परंतु ज्या खोलीत तो देह पडून राहिला, ती खोली पुन्हा मनुष्यवस्तीस योग्य कशी करावयाची, हे सांगणारा सहसा भेटत नाही. ते येथे क्रमाने सांगण्याचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. हे काम घरच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी करण्याचे नाही, आणि ते घाईने उरकण्याचेही नाही. ज्या हातांनी कालपरवापर्यंत फोनवर विचारपूस केली, त्याच हातांनी वडिलांची गादी गुंडाळून बाहेर टाकावी अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे. आणि दुर्गंध सहन होत नाही म्हणून दोन बादल्या फिनेल ओतून, वर उदबत्त्या लावून, आठवड्याच्या आत भिंतींना रंग देऊन टाकणे, हे तर त्या घराचे कायमचे नुकसान करणे आहे.

पंचनामा होईपर्यंत

दार उघडल्यावर मृत्यू झाला आहे असे दिसताच ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे आणि कोणत्याही वस्तूस हात न लावता बाहेर थांबावे. अशा मृत्यूची नोंद पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून करतात आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ अन्वये, शेजारच्या दोन अगर अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष, जागेवर पंचनामा केला जातो. मृत्यूच्या कारणाविषयी शंका असेल तर देह शवविच्छेदनासाठी पाठविला जातो. अनेक दिवस न पाहिलेल्या रुग्णाचा दाखला द्यावा म्हणून घरच्या जुन्या डॉक्टरांस गळ घालण्याचा मोह आप्तांस होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्यातून डॉक्टर व वारस दोघेही अडचणीत येतात.

पंचनाम्याच्या वेळी रोख रक्कम, दागिने, पेटीच्या किल्ल्या यांची नोंद बिनचूक होते आहे की नाही, याकडे नात्यातील एका शांत माणसाने लक्ष द्यावे. मृत्यूची नोंदणी २१ दिवसांच्या आत करावयाची असते. वारसा, बँक, निवृत्तिवेतन इत्यादी पुढील सर्व व्यवहार त्या नोंदणीच्या दाखल्यावर अवलंबून असल्यामुळे शोकाच्या दिवसांतही हे काम मागे पडू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खोलीचा तपास संपला असून ती साफ करण्यास हरकत नाही, हे तपास करणाऱ्या अंमलदारास स्पष्ट विचारून घ्यावे. पोलीस देह हलवितात. जागा साफ करून देणे हे त्यांचे काम नव्हे, आणि ती जबाबदारी वारसांची वा घरमालकाची असते, हे अनेकांस त्याच क्षणी प्रथम कळते. घर भाड्याचे किंवा पागडीचे असेल तर मालकास लेखी कळवावे, किल्ली मात्र कुटुंबाकडेच ठेवावी. मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतीत तुळई वा जमीन उघडण्याची वेळ आली, तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाशीही विचारविनिमय करावा लागतो.

जुन्या घरात दोष कोठे मुरतो

आपल्या हवामानात देहाचे विघटन फार त्वरेने होते. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या दमट दिवसांत दोन-तीन दिवसांतच देह फुगू लागतो आणि त्यातून द्रव पाझरू लागतो. हा द्रव जेथे वाट मिळेल तेथे जातो, आणि जुन्या घरात त्यास वाटा पुष्कळ असतात. आजच्या सदनिकेतील चकचकीत लादी द्रवास बराच वेळ वर अडवून धरते; तसे शेणाने सारवलेल्या जमिनीचे, जांभ्या दगडाचे, पांढऱ्या मातीच्या भिंतीचे किंवा चुन्याच्या गिलाव्याचे नाही. हे सर्व पदार्थ सच्छिद्र असून ओलावा आत ओढून घेणे हा त्यांचा स्वभावच आहे.

शहाबादी फरशीचे उदाहरण घ्यावे. खोलीत शिरणाऱ्यास खाटेखाली एक काळसर डाग दिसतो, तो घासला की फिकट होतो आणि काम झाले असे वाटते. परंतु अनुभवी कारागीर प्रथम फरशीच्या सांध्यांकडे पाहतो. सांध्यातील चुना काळवंडला असेल तर तो पहारीच्या टोकाने ती फरशी हलकेच उचलतो, आणि तेव्हा दिसते की वरचा डाग ताटाएवढा असला तरी खालच्या मातीतील ओल परातीएवढी पसरलेली आहे. ही माती काढली नाही तर पहिल्या पावसाबरोबर दुर्गंध पुन्हा वर येतो. वाड्याच्या माडीवरील कडीपाटात किंवा चाळीच्या लाकडी तुळयांवरील फळ्यांत हाच द्रव फटींतून खाली उतरतो, आणि मग दोष आपल्या खोलीत राहत नाही, खालच्या बिऱ्हाडाच्या छतास तो ओल होऊन दिसू लागतो. म्हणून माडीवरील वा मजल्यावरील खोली असेल तर खालच्या शेजाऱ्यांच्या छताची पाहणी पहिल्याच दिवशी, त्यांच्याशी नम्रपणे बोलून, करून घ्यावी.

धोका किती आणि कोणता

या विषयात दोन टोकाचे समज आढळतात. एक असा की मृतदेहाच्या वासानेच रोगराई पसरते. हे खरे नाही. आपत्तींतील मृतदेहांमुळे सामान्यतः साथी उद्भवत नाहीत, हे जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार स्पष्ट केले आहे, आणि म्हणून शेजाऱ्यांनी घाबरून कुटुंबास वाळीत टाकल्यासारखे वागण्यास काही आधार नाही. दुसरा समज असा की गमबूट आणि तोंडाला रुमाल एवढ्याने काम भागते. हाही तितकाच घातक आहे. रक्त व शरीरद्रव यांतून कावीळ ब, कावीळ क यांसारख्या रोगांचे विषाणू, तसेच अतिसाराचे जंतू संक्रमित होऊ शकतात. कावीळ ब चा विषाणू तर शरीराबाहेर, वाळलेल्या डागावरही, निदान ७ दिवस जिवंत राहू शकतो. भीती वासाची नसून स्पर्शाची, उडणाऱ्या शिंतोड्यांची, खरवडताना उठणाऱ्या धुळीची आणि हातास लागणाऱ्या टाचणी-काचेची आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे कोणती खबरदारी आवश्यक आहे ते आपोआप समजते.

जुन्या घरात आणखी दोन गोष्टींची भर पडते. जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून दारे-खिडक्यांचा रंग कोरडा खरवडू नये, ओला करून काढावा. आणि छपरास वा पडवीस जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असल्याचे गृहीत धरून ते फोडू नयेत, त्यांना भोके पाडू नयेत.

कामाचा यथायोग्य क्रम

कारागिरांचे काम नीट चालले आहे की नाही हे कुटुंबास समजावे, एवढ्यापुरता त्या कामाचा क्रम येथे देतो. प्रथम घराचा विद्युत्प्रवाह मुख्य बटणापाशी तपासावा. जुन्या वायरिंगवर ओल गेली असेल तर तो बंदच ठेवावा. पंखे व वातानुकूलन यंत्र लावू नये, कारण त्यांमुळे दूषित धूळ व दुर्गंध इतर खोल्यांत पसरतो. बाधित खोलीचे दार जाड प्लास्टिकने बंद करून ये-जा एकाच वाटेने ठेवावी. काम करणाऱ्यांच्या अंगावर द्रव आत न जाणारा झगा, दुहेरी हातमोजे, डोळ्यांस घट्ट बसणारा चष्मा, गमबूट आणि योग्य मुखवटा असावा. साधा एन-९५ मुखवटा धूळ व थेंब अडवितो, वायू अडवीत नाही, त्यासाठी गाळणीचे नळकांडे बसविलेला मुखवटा लागतो.

त्यानंतर वाचविता न येणाऱ्या वस्तू बाहेर काढाव्यात. कापसाची गादी, उशा, खाटेची नवार वा सुंभ, गोधड्या, चटई, पडदे, यांत द्रव मुरला असेल तर ते धुऊन शुद्ध होत नाहीत. रक्त व शरीरद्रव लागलेल्या गाद्या-चादरींचे स्थान २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत पिवळ्या पिशवीच्या वर्गात आहे; ते नियम मुख्यतः रुग्णालयादी संस्थांसाठी असले तरी व्यावसायिक स्वच्छता करणाऱ्याने तोच दंडक पाळावा, आणि हा माल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या प्रक्रिया केंद्राकडे पोचविण्याची व्यवस्था महापालिकेच्या वा नगरपालिकेच्या आरोग्य खात्यास विचारून करावी. गादी पिंजाऱ्याकडे देणे, खाट भंगारवाल्यास विकणे किंवा सर्व सामान रात्री कोपऱ्यावरील कचराकुंडीपाशी टाकून येणे, हे दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात तो धोका बांधणे होय.

मग स्वच्छता, आणि तिच्यानंतरच निर्जंतुकीकरण. हा क्रम उलटा केल्यामुळे अनेक ठिकाणी काम वाया जाते, कारण सेंद्रिय मळावर क्लोरिनची शक्ती खर्ची पडून जंतूंपर्यंत ती पोचतच नाही. शिवाय विघटनातून अमोनिया निर्माण झालेला असतो, आणि त्यावर थेट ब्लीचिंगचे द्रावण ओतल्यास घातक वायू उठतो. प्रथम साबणाच्या वा विकरयुक्त द्रावणाने मळ विरघळवून पुसून काढावा. विकरांस काम करण्यास वेळ आणि ओलावा लागतो, म्हणून ते लावून तत्काळ पुसू नयेत, आणि क्लोरिन लावून झाल्यावर विकर लावण्यात अर्थ नाही. पृष्ठभाग स्वच्छ दिसू लागल्यावर सोडियम हायपोक्लोराइटचे १ टक्क्याचे ताजे द्रावण लावावे. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल तर १ भाग द्रवास ४ भाग पाणी हे प्रमाण होते. ते लावून निदान १० मिनिटे, शक्यतो अधिक वेळ, ओले राहू द्यावे, आणि मग पुसावे. या द्रावणात संडासाचे ॲसिड किंवा अन्य कोणतेही द्रव्य कदापि मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो. शहाबादी फरशीवर तर ॲसिड मुळीच ओतू नये, कारण ती चुनखडीची असल्यामुळे तिचा पृष्ठ खडबडीत होऊन पुढचा मळ ती अधिकच धरते.

जेथे दोष आत मुरला आहे तेथे पुसण्याने भागत नाही, काढूनच टाकावे लागते. सारवलेली जमीन रंग व वास बदललेला भाग संपेपर्यंत खणून नवी माती भरावी. चुन्याचा गिलावा ओला करून विटेपर्यंत उतरवावा. फरशीखालची माती बदलावी. फळी कुजली असेल तर ती काढावी. सागवानी तुळई वा खांब मात्र सहसा वाचविता येतो. तो स्वच्छ करून, पूर्ण वाळवून, रंध्याने वरचा पातळ थर काढावा आणि त्यावर चपड्याचा लेप द्यावा; लाखेचा हा लेप वास कोंडून ठेवण्यास उत्तम असतो. परंतु लाकूड वा भिंत ओली असताना लेप वा रंग दिल्यास ओल आतच कोंडते आणि काही महिन्यांनी पापुद्रे सुटून वास परत येतो. जुनी भिंत सुकावयास आधुनिक भिंतीपेक्षा अधिक दिवस लागतात. ते तिला द्यावेत.

माश्यांच्या अळ्या काही दिवसांतच देहापासून दूर सरकतात आणि फटींत, पायपट्टीमागे, कपाटाखाली कोषावस्थेत बसतात. म्हणून कीटकनियंत्रण एकदा करून थांबू नये, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा पाहणी करावी. ओझोनची यंत्रे आता पुष्कळजण सुचवितात. मूळ दोष काढल्यावर उरलेल्या वासासाठी त्यांचा उपयोग होतो, परंतु तेव्हा घरात माणूस, प्राणी वा झाड असू नये, रबर व जुनी छायाचित्रे बाहेर काढून ठेवावीत, आणि नंतर घर चांगले हवेशीर करूनच आत जावे. दोष तसाच ठेवून केवळ यंत्र लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

कागद आणि आठवणी

सफाईस आरंभ होण्यापूर्वी कुटुंबाने एक यादी लिहून द्यावी: मृत्युपत्र, घराचे व शेतीचे दस्तऐवज, भाडेपावत्या, शिधापत्रिका, ठेवींच्या पावत्या, निवृत्तिवेतनाचे आदेश, किल्ल्या, दागिने, छायाचित्रे. वृद्ध माणसे हे कागद गादीखाली, देवघराच्या फडताळात, डाळीच्या डब्यात किंवा पोथीच्या पानांत ठेवतात; म्हणून गादीसुद्धा चाचपल्याशिवाय पिशवीत भरू नये असे कारागिरास बजावावे. डाग न पडलेल्या कागदास फक्त वास लागला असेल तर तो सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावा. कोणताही कागद टाकण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे. धातूची भांडी, देव, दागिने धुऊन व निर्जंतुक करून परत वापरता येतात, मात्र त्यांस क्लोरिनऐवजी साबण व उकळते पाणी वापरावे. काय टाकावयाचे याचा निर्णय कारागिराने न करता कुटुंबातील एका व्यक्तीने करावा, आणि शक्य असेल तर त्या व्यक्तीने तो बाधित खोलीबाहेर बसून करावा.

कारागीर कसा निवडावा

मोठ्या शहरांत हे काम करणाऱ्या संस्था आता मिळू लागल्या आहेत. जेथे नाहीत तेथे रुग्णालयांची स्वच्छता करणारे कंत्राटदार हा त्यांतल्या त्यात योग्य पर्याय होय. काम देण्यापूर्वी त्यांस पुढील गोष्टी विचाराव्यात. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय ते दर सांगतात काय? सांगत असतील तर सावध असावे. कचरा कोठे जाणार, आणि त्याची पावती मिळणार काय? कामगारांस कावीळ ब ची लस दिली आहे काय? फरशी वा गिलावा काढावा लागल्यास तो खर्च अंदाजपत्रकात धरला आहे काय? कामापूर्वीची व नंतरची छायाचित्रे ते देतील काय, आणि ती अन्यत्र कोठेही प्रसिद्ध करणार नाहीत असे लिहून देतील काय? शोकमग्न कुटुंब घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत नसते, म्हणून हे बोलणे एखाद्या विश्वासू स्नेह्याकडे सोपवावे आणि सर्व काही कागदावर घ्यावे.

काम पुरे झाले हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. दारे-खिडक्या दोन दिवस बंद ठेवून, शक्यतो दमट हवेच्या दिवशी, घराशी संबंध नसलेल्या माणसास आत पाठवावे. त्याला वास आला नाही, भिंतीवर नवी ओल दिसली नाही आणि खालच्या बिऱ्हाडाकडून तक्रार नसेल, तर घर राहण्यास योग्य झाले असे समजावे. त्यानंतर ज्यांच्या श्रद्धेप्रमाणे शांत, उदकशांत, प्रार्थना वा फातेहा करावयाची असेल ती त्यांनी अवश्य करावी. तिने घरातील माणसांचे मन स्थिर होते. परंतु गोमूत्र वा गंगाजल शिंपडणे हे मनाच्या शुद्धीसाठी आहे, जमिनीत मुरलेल्या द्रवासाठी नव्हे, आणि एकाचे काम दुसऱ्यावर ढकलू नये.

काम करणाऱ्या हातांविषयी

शेवटी सर्वांत आग्रहाने सांगावयाचे ते हे. आपल्याकडे असा प्रसंग आला की पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजांवर मैला व प्रेते उचलण्याचे काम लादले गेले, त्यांतीलच एखाद्या सफाई कामगारास हाक मारण्याची, वास सहन व्हावा म्हणून त्यास दारू पाजण्याची आणि उघड्या हातांनी ते काम करून घेऊन मागल्या दाराने थोडे पैसे देण्याची रूढी अद्यापि नष्ट झालेली नाही. ही रूढी अन्यायाची आहे आणि ती प्रत्येक कुटुंबाने आपल्या दारापुरती तरी मोडली पाहिजे. हे कौशल्याचे व जोखमीचे काम आहे, आणि ते करणाऱ्यास कौशल्याचे दाम, जोखमीची साधने आणि बरोबरीच्या माणसाचा मान मिळावयास हवा. काम चालू असताना त्यास हात-पाय धुण्यास साबण व स्वच्छ पाणी द्यावे, विसावा घेण्यास घराची स्वच्छ पडवी मोकळी करावी, चहा घरच्या कपांत द्यावा, आणि हातास काही टोचले वा कापले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन तो खर्च आपण सोसावा. कंत्राटदाराकडून काम करून घेतले तरी कामगारांस ठरलेली मजुरी पोचली की नाही, हे विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य आपलेच असते. आपल्या मृत आप्ताची अखेरची सेवा त्या अनोळखी हातांनी आपल्याकरिता केलेली असते. तिचे मोल देताना ज्या घराने हात आखडता घेतला, त्याने भिंती कितीही पांढऱ्या केल्या तरी आपले कर्तव्य पुरे केले असे म्हणता येणार नाही.